जावयाचं ऑपरेशन

“दाजी, ती मुंबईची तारीख रद्द करून टाका,” निळू म्हणाला आणि त्यानं आमरसाची वाटी पुढं ओढली.

मी तूप वाढत होते, ती पळी तशीच हातात राहिली. “रद्द? अरे, किती मिनतवाऱ्या करून मिळालीये ती!”

“म्हणूनच सांगतोय, ताई. आता त्याची गरज नाही. आपल्याकडंच व्हॉल्व्ह बदलायला सुरुवात झालीये.”

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो. माझा धाकटा भाऊ निळकंठ म्हणजे निळू, जिल्ह्याच्या गावी हृदयाचा डॉक्टर. त्याला कुठली उसंत? एरवी ड्रायव्हर पाठवायचा. त्या वर्षी मात्र स्वतः गाडी चालवत रावेरला आला आणि आम्हा दोघांना मागच्या सीटवर बसवून आईकडे घेऊन आला. गल्लीतल्या बाया ओट्यावर येऊन बघत होत्या. मी मुद्दाम काच खाली केली होती. भाऊ एवढा मोठा डॉक्टर, तर मिरवू नको की काय?

आमचे हे, मुरलीधर झोपे, रावेर डेपोत कंट्रोलर होते. आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी यावलची गाडी लागल्याचं अख्ख्या स्टँडला कळायचं. पण त्या वर्षभरात आवाज बसला होता. दोन जिने चढले की दम लागायचा, उशाला तीन उशा घेऊन झोपायचे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली होती, ती आता पार आवळून गेली. बदलायलाच हवी, असं निळूनंच तपासून सांगितलं होतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचं नावही त्यानंच काढलं होतं. आणि आता तोच म्हणत होता, रद्द करा.

“जिल्ह्याला एवढं मोठं हार्ट सेंटर उघडलंय आम्ही चौघांनी,” निळू सांगू लागला. “मशीन परदेशातून आणलंय. सर्जन मुंबईचेच, दर शनिवारी येतात. मग तुम्ही कशाला तिकडं धक्के खायचे? राहणार कुठं, डबा कोण देणार? इथं मी आहे, चोवीस तास.”

“निळू, एक विचारू?” मी म्हटलं. “आतापर्यंत तुमच्याकडं किती झाली अशी ऑपरेशनं?”

“बरीच झाली.”

“बरीच म्हणजे किती?”

तो हसला. “आई, बघ हिला. अगं, पुरणपोळ्या आहेत का त्या, मोजायला?”

“पुरणपोळ्या नाहीत म्हणूनच विचारतेय. माझ्याकडं शिवण शिकायला पोरी येतात ना, हात बसल्याशिवाय मी त्यांतल्या एकीलाही कुणाच्या पैठणीला कात्री लावू देत नाही. हे तर माझं माणूस आहे.”

“आणि माझे कुणीच नाहीत का?” निळूचा चेहरा पडला. वाटी खाली ठेवली त्यानं. “ताई, अशी परक्यासारखी चौकशी करतेस? माझ्या दाजींना मी कुठंही नेऊन टाकेन का?”

आई खापरावरची पुरणपोळी घेऊन बाहेर आली होती, तिनं माझ्याकडं डोळे वटारले. यांनी तर विषयच संपवला. “निळूभाऊ सांगतात ना? मग झालं. मला नाही त्या मुंबईत मरायला जायचं. घरचा डॉक्टर सोडून बाहेर कोण जातो?”

“मरायची भाषा नाही काढायची, दाजी,” निळू म्हणाला. यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला. तो हात मला अजून दिसतो.

मुंबईची तारीख रद्द झाली.

हार्ट सेंटर दृष्ट लागावी असं होतं, खोटं कशाला बोलू? काचेचे दरवाजे, गुळगुळीत फरशी, दारात गणपती. शनिवारी सकाळी यांना आत नेलं. ट्रॉलीवरून जाताना यांनी डेपोतल्यासारखी हाळी दिली, “चला, गाडी सुटली!” आणि वॉर्डबॉयसुद्धा हसला. निळू हिरवे कपडे घालून सोबत आत गेला. बाहेर आई आणि मी. आई जपमाळ ओढत होती आणि मधूनच म्हणत होती, “निळ्या आहे आत. काळजी नको करू.”

दुपारी सर्जन बाहेर आले. उंच, गोरे, घाईतले. “झडप छान बसलीये,” म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी अडवलं. निळूनं मला मिठी मारली. लहानपणी सायकलवरून पडला की जशी मारायचा तशी. मला हुंदका आवरेना.

दुसऱ्या दिवशी सर्जन सकाळी यांना बघून मुंबईला निघून गेले. मला आयसीयूत थोडा वेळ सोडलं. हे शुद्धीवर होते, घशातली नळी काढलेली. छातीतून दोन नळ्या खालच्या बाटलीत सोडलेल्या होत्या, त्यांतून लालसर पाणी येत होतं.

“भूक लागली का?” मी विचारलं.

“वांग्याचं भरीत दे,” म्हणाले. आवाज बारीक होता, पण डोळे हसत होते.

दुपारी पुन्हा गेले तर मला काही ठीक वाटेना. हे चुळबुळ करत होते, अंगावरची चादर सारखी ओढत होते. कपाळ गार. “कसंतरी होतंय गं,” एवढंच म्हणत होते. मी सिस्टरला बोलावलं. पोरगी गुणी होती, गोड बोलायची. तिनं बाटली उचलून बघितली.

“मावशी, चांगलं झालंय बघा. रक्त यायचं थांबलंय. नळी कोरडी पडली म्हणजे जखम भरतेय.”

“पण यांचं अंग गार का पडलंय?”

“एसी आहे ना. पांघरूण देते अजून एक.”

तिनं खरोखरच पांघरूण दिलं. दिलं आणि नीट खोचलंसुद्धा. त्यानंतर जरा वेळानं डोक्यावरचं यंत्र कोकलायला लागलं तेव्हा ती धावली, मग आणखी कुणी धावलं, मग मला बाहेर काढलं. निळू आला. धावतच आला, तेवढं मी नाकारत नाही. पण तो औषधाचा डॉक्टर, कापणारा नव्हे. काचेतून मला तो दिसत होता. त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर ते सर्जन होते, मुंबईच्या वाटेवर, कुठल्यातरी टोलनाक्यावर. ते परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. यांची छाती पुन्हा उघडली. सोमवारी सकाळी हे गेले.

निळू माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि ढसाढसा रडला. “ताई, हजारात एखाद्याला होतं असं. आपलंच नशीब फुटकं. मुंबईला नेलं असतं तरी हेच झालं असतं, शपथेवर सांगतो.”

मी त्याचे डोळे माझ्या पदरानं पुसले. कपाळ पांढरं झालं होतं माझं, आणि मी त्याची समजूत घालत होते! तेराव्याला माझ्या दिरानं तोंड उघडलं, म्हणाला, “मुंबई सोडून जिल्ह्याला कशाला नेलं?” तर मी चवताळून उठले. “माझ्या भावाबद्दल एक अक्षर ऐकून घेणार नाही. त्यानं जिवाचं रान केलंय.” तेव्हापासून दिराचं आणि माझं बोलणं तुटलं. भावासाठी तोडलं मी ते.

पुढची आखाजी गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात आईला दम लागू लागला. देवळाच्या पायऱ्या चढताना एकदा चक्कर येऊन बसली. निळूनं नेऊन तपासण्या केल्या आणि रविवारी सकाळी घरी आला. मी तेव्हा आईजवळच राहत होते. आई ओट्यावर, मी तिच्या पायाशी मेथी निवडत बसलेली.

“आई, तुझीही झडप आवळलीये,” तो म्हणाला. “दुसऱ्या बाजूची. बदलावी लागेल. घाबरू नकोस, मी सगळी व्यवस्था केलीये. मुंबईला बोलून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात निघायचं.”

आईनं चष्मा वर केला. “मुंबईला? आणि तुझा दवाखाना रे?”

“आई, तिथले डॉक्टर फार मोठे आहेत.”

“तुझ्याकडंही मुंबईचेच येतात की. शनिवारी.”

“तसं नाही. तिथं सगळ्यांना सवय असते. नर्सला, मशीनवाल्याला, सगळ्यांना. तिथं रोज दोन-तीन झडपा बदलतात. कुठं काय बिघडणार, ते त्यांना आधीच कळतं.”

तो हे सगळं भराभर, जिव्हाळ्यानं बोलत होता. आईच्या काळजीत बोलत होता, म्हणून तर खरं बोलत होता. मी हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

“निळू,” मी म्हटलं, “यांच्या आधी तुमच्याकडं किती झाली होती?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. तिथं मी बसले आहे हे जणू त्याला तेव्हाच दिसलं.

“ताई, आता तो विषय…”

“किती?”

“दोन.”

ओट्यावरून कुणाची तरी शेळी गेली. आईनं तिला हाकललं नाही, एरवी हाकलायची.

“बरीच म्हणाला होतास.”

“सर्जननी बाहेर शेकड्यानं केली होती, ताई. मी खोटं नाही बोललो.”

“मी तुझ्या सर्जनचं नव्हतं विचारलं. तुमच्याकडं किती, असं विचारलं होतं. आणि ते दोघं? कसे आहेत?”

तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, “एक चांगला आहे.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं मला काहीच झालं नाही. मी गार पडले. ती सिस्टर आठवली, बाटली उचलून हसणारी. छाती पुन्हा उघडल्यावर कळलं होतं ते: आत रक्त साचत होतं, नळी गाठीनं तुंबली होती, हृदयावर दाब येत होता, आणि ती पोरगी मला सांगत होती की चांगलं झालंय. तिची तरी काय चूक? असं कधी बघितलंच नव्हतं तिनं. रोज बघणारी असती, तर कोरडी नळी बघून ओरडतच धावली असती.

“मुंबईला नेलं असतं तरी हेच झालं असतं, शपथेवर सांगितलं होतंस,” मी म्हटलं. “कुणाची शपथ होती ती?”

“ताई, सुरुवात सगळ्यांनाच करावी लागते. मुंबईवाल्यांनीही पहिलं कधीतरी केलंच असेल ना? जिल्ह्याला सोय व्हायची तर कुणालातरी…”

“कर ना सुरुवात! सांगून कर. ‘ताई, हे तिसरं आहे, धोका जास्त आहे, मुंबईला कमी आहे,’ एवढं म्हणायचं. मग काय करायचं ते मी आणि हे ठरवलं असतं. एवढंच तर विचारलं होतं मी तुला. तूप वाढता वाढता विचारलं होतं, तर तू मला परकी ठरवलंस!”

“पण दाजीच का?” आईनं मध्येच विचारलं. तिचा आवाज एकदम साधा होता, वाण्याकडं डाळ विचारावी तसा. “गावात झडपा खराब झालेले दुसरे कुणी नव्हते का? माझा जावईच का निवडलास, निळ्या?”

निळूच्या कपाळावर घाम आला होता. त्याला खोटं बोलता आलं असतं. पण आईसमोर त्याला ते कधीच जमलं नाही.

“पेशंट तयार होत नव्हते गं, आई. बाहेरचा माणूस शंभर प्रश्न विचारतो. आणि दुसऱ्या पेशंटच्या वेळी त्याच्या लोकांनी काचा फोडल्या, पोलीस आले, पेपरात यायचं होतं ते कसंबसं थांबवलं. पार्टनर म्हणाले, पुढची केस ओळखीतली घेऊ. घरचं माणूस असलं की… समजून घेतं.”

समजून घेतं! आणि मी घेतलंच की. पदरानं डोळे पुसले त्याचे. दिराशी बोलणं तोडलं. त्याला जसं माणूस पाहिजे होतं, अगदी तसंच मी वागले. त्यानं मला किती नीट ओळखलं होतं! मोठी बहीण म्हणून ज्याला कडेवर घेऊन फिरवलं, त्यानं माझी माया बघितली आणि ती कामाला लावली.

आई भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. अधिक महिन्यात याच ओट्यावर तिनं जावयाचे पाय धुतले होते, अनारशांचं ताट हातात दिलं होतं. आमच्यात जावयाला आधी वाढतात, मग घरचे बसतात.

“मी मुंबईला जाणार नाही,” ती म्हणाली.

“आई!”

“माझ्या जावयाला ज्या टेबलावर निजवलंस, त्याच टेबलावर मला निजव. तीच नर्स दे. तोच शनिवार बघ.”

“आई, नको. तिथं नको.”

“का नको? घरचंच माणूस आहे मी.”

“आई, पाया पडतो तुझ्या, तिथं नको!” आणि खरंच तो पाया पडला. भर सकाळी, उघड्या ओट्यावर, एवढा मोठा डॉक्टर. “तिथं तुला काही झालं तर मी काय करू? ऐक माझं. मुंबईलाच चल.”

त्याच्या तोंडून एकेक शब्द निघत होता, तसतसं मला वाटत होतं, हेच रडणं त्यानं आखाजीच्या दिवशी यांच्यासाठी रडायला हवं होतं. क्षणभर माझ्या मनात आलं, होऊ दे. आईचं म्हणणं होऊ दे. बसू दे यालाही काचेबाहेर. खरं सांगते, आलं मनात. मग आईचे सुजलेले पाय दिसले.

“आई, मुंबईला जायचं,” मी म्हटलं. “मी नेते तुला. याच्यापायी माझं एक माणूस गेलं, दुसरं द्यायला नाही माझ्याकडं.”

“जावयाला सोडून मी चांगल्या जागी जाऊ?”

“जायचं. यांनीच तुला ओढत नेलं असतं.”

आई जमिनीवर बसून रडली. यांच्या मातीलाही ती एवढी रडली नव्हती.

मुंबईला निळूही आला. मी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तिथले डॉक्टर बुटके, सावळे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. मी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, “डॉक्टर, अशी किती करता तुम्ही?”

निळूनं मान खाली घातली. मला वाटलं, हे चिडणार.

“वर्षाला पाचशेच्या वर,” ते लगेच म्हणाले. “आईंच्या वयाच्या शंभरातले दोन-तीन आमच्याकडंही दगावतात, ते आधी सांगून ठेवतो. जिथं कधीतरीच होतात, तिथं हा आकडा वाढतो. कारण हे एकट्या माझ्या हाताचं काम नाही. आयसीयूतल्या पोरींचाही हात बसलेला लागतो. अजून काही विचारायचंय?”

“नाही,” मी म्हटलं. “राग नाही आला तुम्हाला?”

“राग कशाचा? तुमचं माणूस आहे. विचारायलाच पाहिजे तुम्ही.”

मी निळूकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथंच काहीतरी बोलून बसले असते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आईच्याही नळीतून रक्त यायचं कमी झालं. मी काचेतून बघत होते. एक मल्याळी नर्स आली, नळी दोन बोटांत धरून दाबली, खालीवर केली, रक्तदाब बघितला, पुन्हा दाबली, कुणाला तरी हाक मारली, दोघींनी मिळून बघितलं, मग मान हलवून पुढच्या खाटेकडं गेली. काही नव्हतं. तरी बघितलं. मी तिथंच कॉरिडॉरच्या फरशीवर बसले.

आई बरी झाली. अगदी ठणठणीत. महिन्याभरात ती गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागली, दिवाळीला तिनं चकल्या पाडल्या. आणि मला एवढा आनंद व्हायचा आणि त्याच आनंदानं आतून चिरल्यासारखं व्हायचं. आई एकेक पायरी चढायची, ती प्रत्येक पायरी यांनाही चढता आली असती. पुढची नऊ वर्षं ती जगली. नऊ वर्षं मी ते बघत होते.

त्या दिवाळीतलंच एक सांगते आणि थांबते. निळू पेढे घेऊन आला होता. गल्लीतल्या सगळ्या बाया आईला बघायला जमल्या होत्या. शेजारच्या भारंबेकाकू म्हणाल्या, “काय हो ठकूबाई, पोरगा एवढा मोठा हार्टचा डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, आणि ऑपरेशनला मुंबईला गेलात? पोरानं नाही का केलं?”

निळूच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. सगळ्या बाया त्याच्याकडं कौतुकानं बघत होत्या. आईनंही बघितलं.

“पोरानं आधी जावयाचं केलं ना,” ती म्हणाली. “ते बघून मग मला मुंबईला नेलं.”